उरलेल्या तिसऱ्या माणसाचे काय?

अपस्मार हा देवाचा कोप नाही, ती भुताखेतांची बाधा नाही, तो मेंदूचा विकार आहे; त्यावर औषधे आहेत; ती नेमाने घेतली तर फीट थांबते आणि माणूस चारचौघांसारखा संसार करू शकतो, हे गेली पन्नास वर्षे डॉक्टर मंडळी आणि समाजकार्यकर्ते आपल्याला सांगत आले आहेत. दरवर्षी १७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिनाच्या निमित्ताने व्याख्याने होतात, पत्रके वाटली जातात आणि हाच संदेश पुन्हा दिला जातो. तो खरा आहे, आणि जोवर एखाद्या घरात फीट आलेल्या मुलाच्या नाकाशी कांदा किंवा पायातला जोडा धरला जातो, तोवर तो देत राहिलेच पाहिजे. परंतु तो तिघांपैकी दोघांपुरताच खरा आहे. जो तिसरा उरतो, त्याने औषधे नेमाने घेतली, पथ्ये पाळली, डॉक्टरांच्या खेपा चुकवल्या नाहीत, तरीही त्याची फीट थांबलेली नसते. 'औषध घ्या, बरे व्हाल' या वाक्यात त्याला जागा नाही. उलट ते वाक्य ऐकताना, आपलेच काही तरी चुकत असावे, असा अपराधी भाव त्याच्या मनात घर करतो. या लेखाचा विषय तो तिसरा माणूस आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाले तर त्यांतील सत्तर टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. भारतातील रुग्णांची संख्या एक कोटीच्या वर मानली जाते. मुंबईपुरते बोलायचे तर येथील पारशी वसाहतींतील सुमारे चौदा हजार लोकांची दारोदार पाहणी डॉक्टरांनी केली होती आणि तिचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध झाले. हजारी चार-पाच माणसांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार जडला असल्याचे त्या पाहणीत आढळले. एवढ्या प्रमाणावरून हिशेब केला, तरी गिरगाव, ठाकूरद्वार, खेतवाडी, फणसवाडी या दाट वस्तीत असे एकही आळीचे तोंड नसेल की ज्याच्या आत अपस्माराचा एक तरी रुग्ण राहत नाही. आपल्याला तो दिसत नाही, याचे कारण तो नाही असे नसून तो लपवला जातो, हे आहे.

औषधाला न जुमानणारा अपस्मार कोणता म्हणायचा, याची व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१० साली निश्चित केली. योग्य निवडलेली, योग्य मात्रेत आणि पुरेसा काळ घेतलेली दोन औषधे लागू पडली नाहीत, तर तो अपस्मार औषधाला दाद न देणारा समजावा, अशी ती व्याख्या आहे. दोन हा आकडा मनाने ठरवलेला नाही. ग्लासगो येथे ५२५ रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पूर्वी कधीही औषध न घेतलेल्या रुग्णांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधाने बरे राहिले. दुसऱ्या औषधाने आणखी १३ टक्क्यांना गुण आला. त्यापुढे तिसरे औषध दिले किंवा दोन-दोन औषधे एकत्र दिली, तरी ज्यांना गुण आला त्यांचे प्रमाण जेमतेम चार टक्के भरले. याचा व्यावहारिक अर्थ असा की दोन औषधे हरल्यावर केवळ चिठ्ठीवरचे नाव बदलत राहणे, हा उपचार नव्हे. तो कालापव्यय आहे. आपल्याकडे मात्र याच कालापव्ययात कित्येकांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे निघून जातात.

फीट मोजणे पुरेसे नाही

अपस्माराच्या रुग्णाला दवाखान्यात विचारला जाणारा पहिला, आणि पुष्कळदा शेवटचाही, प्रश्न असतो: महिन्यात किती वेळा आली? तो प्रश्न आवश्यक आहे. पण ज्याची फीट थांबणारच नाही, त्याच्या बाबतीत तेवढ्यावर थांबणे म्हणजे, आजार गेला नाही तर माणसासाठी करण्यासारखे काही उरले नाही, असे गृहीत धरणे होय. हे गृहीत चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचा पुरावा आहे. औषधाला न जुमानणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांवरील एका अमेरिकी अभ्यासाचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे जगणे किती समाधानाचे आहे, हे फिटांच्या संख्येवरून नव्हे, तर त्यांना नैराश्य आहे की नाही यावरून ठरते, असे त्यात दिसून आले. औषधांचे दुष्परिणाम किती जाचतात, यालाही असेच महत्त्व असल्याचे इतर अभ्यासांनी दाखवले आहे.

हे लक्षात घेतले की आपल्या उपचारपद्धतीतील उणीव स्पष्ट होते. अपस्मार असलेल्या प्रौढांत नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक आहे, आणि दोहोंवरही उपचार आहेत. पण ज्या बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी शेकडो माणसे रांगेत उभी असतात, तेथे 'झोप लागते का, जगावेसे वाटते का' हे विचारणार कोण? औषधांचेही तसेच. एखाद्या औषधाने चिडचिड वाढते, एखाद्याने वजन वाढते, एखाद्याने हिरड्या सुजतात, एखाद्याने बोलताना ऐन वेळी शब्दच आठवत नाही. शिक्षकाला शब्द न आठवणे आणि कारकुनाला आकडेमोडीत गुंगी येणे, याची किंमत काय असते हे त्या त्या माणसालाच ठाऊक. तीन औषधांनी फीट थांबत नसेल आणि दोन औषधांनीही ती तितकीच येत असेल, तर तिसरे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करून पाहणे हाही उपचारच आहे. मात्र हा निर्णय रुग्णाने स्वतः घ्यायचा नाही. औषध एकाएकी बंद करणे प्राणावर बेतू शकते. उपासाच्या दिवशी गोळी चुकवणारे, गणपतीच्या दिवसांत सलग रात्री जागणारे रुग्ण यांची संख्या आपल्याकडे लहान नाही, आणि चुकलेली गोळी व चुकलेली झोप ही दोन्ही फिटेला आमंत्रण देणारी कारणे आहेत.

स्त्रियांच्या बाबतीत तर आणखी काळजी घ्यावी लागते. व्हॅल्प्रोएट हे परिणामकारक औषध आहे, पण गरोदरपणी ते घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होण्याचा आणि पुढे मुलाच्या बुद्धिविकासावर परिणाम होण्याचा धोका असतो. काही औषधांमुळे संततिनियमनाच्या गोळ्या निष्प्रभ होतात. ही माहिती प्रत्येक तरुण रुग्ण स्त्रीला, लग्नाआधी आणि स्पष्ट शब्दांत, मिळाली पाहिजे. सासूसमोर किंवा नवऱ्यासमोर ती विचारू शकत नाही, म्हणून ती तिला कोणी सांगतही नाही, अशी आजची स्थिती आहे.

जवळ असूनही दूर

या विभागातील रुग्णाला वैद्यकीय मदतीसाठी शेकडो मैल जावे लागत नाही. गिरगावातच हरकिसनदास रुग्णालय आहे; मरीन लाइन्सला बॉम्बे हॉस्पिटल, मुंबई सेंट्रलला नायर, भायखळ्याला जे. जे. आणि परळला केईएम आहे. केईएमसारख्या महापालिकेच्या रुग्णालयात अपस्मारावरील मेंदूची शस्त्रक्रिया होते, ही तर देशातील फारच थोड्या शहरांना लाभलेली सोय आहे. तरीही या शहरात असे प्रौढ रुग्ण आहेत की ज्यांनी पंधरा-पंधरा वर्षे गोळ्या खाल्ल्या आणि ज्यांना शस्त्रक्रियेची शक्यता तपासून पाहण्याचा सल्ला एकदाही मिळाला नाही. हा दोष एका शहराचा नाही. फीट प्रथम आल्यापासून शस्त्रक्रिया होईपर्यंत पंधरा-वीस वर्षे लोटतात, असा पाश्चात्त्य देशांचाही अनुभव आहे. पण दोष सर्वत्र आहे म्हणून तो क्षम्य ठरत नाही.

शस्त्रक्रियेची कल्पना आपल्याकडे नवी आहे, असेही नाही. माँट्रियल येथे विख्यात मेंदूशल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. जेकब चँडी यांनी वेल्लोरला अपस्मारावरील पहिली शस्त्रक्रिया १९५२ साली केली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९९५ पासून हे काम पद्धतशीरपणे सुरू केले आणि परदेशांच्या तुलनेने फारच थोड्या खर्चात ते होऊ शकते हे सिद्ध केले. तिच्या उपयुक्ततेविषयीही आता शंका उरलेली नाही. कॅनडात कानशिलामागील मेंदूच्या भागातून उद्भवणाऱ्या अपस्माराच्या ८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट करण्यात आले. एका गटास शस्त्रक्रिया व दुसऱ्यास केवळ औषधे, अशी विभागणी होती. वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण भान हरपवणाऱ्या फिटांपासून मुक्त होते. औषधांच्या गटातील अवघे ८ टक्के. हा निष्कर्ष २००१ सालचा आहे. म्हणजे याला आता दोन तपे उलटून गेली.

प्रत्येक रुग्ण शस्त्रक्रियेस योग्य नसतो, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. फीट मेंदूच्या एकाच, आणि काढून टाकता येण्याजोग्या, भागातून उठत असेल तरच ती करता येते. त्यासाठी एमआरआय, व्हिडिओ ईईजी आणि इतर तपासण्या कराव्या लागतात. परंतु या तपासणीचा लाभ शस्त्रक्रियेपुरताच नाही. असाध्य अपस्मार म्हणून अशा केंद्रांकडे पाठवलेल्या चार-पाच रुग्णांतील एकाला मुळात अपस्मार नसतोच, तर मानसिक ताणातून उद्भवणारे, दिसायला तसेच असणारे झटके असतात, असे आढळून येते. त्याला अपस्माराच्या औषधांचा उपयोग नाही, मानसोपचाराचा आहे. वर्षानुवर्षे विनाकारण गोळ्या खाणाऱ्या या माणसावर होणारा अन्याय तपासणीवाचून उघडकीस येणार तरी कसा? शस्त्रक्रिया शक्य नसलेल्यांसाठीही मार्ग पूर्ण बंद होत नाही. मानेतील मज्जातंतूला विद्युत उत्तेजना देणारे उपकरण आहे. पिष्टमय पदार्थ कमी आणि स्निग्ध पदार्थ अधिक असा, आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने घ्यायचा विशेष आहार आहे. यांनी फीट नाहीशी होईलच असे नाही. पण महिन्याला दहाची चार झाली, तर त्या सहा दिवसांचे मोल रुग्णाच्या घराला विचारावे.

चाळ, टॉवर आणि न्हाणीघराची कडी

अपस्मार असलेल्या प्रौढाचे जगणे दवाखान्यात ठरत नाही. ते घरात, लोकलमध्ये आणि कचेरीत ठरते. गिरगावची चाळ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. चाळीत काही लपत नसे. सार्वजनिक गॅलरीत मुलीला एकदा फीट आली की तिच्या लग्नाची बोलणी थंडावत. त्यामुळे आईबाप तिला खोलीबाहेर पडू देत नसत. पण त्याच चाळीत कोणी पडले, तर शेजारची चार माणसे दोन क्षणांत धावून येत. आता जुन्या चाळी पडत आहेत आणि त्यांच्या जागी उत्तुंग इमारती उभ्या राहत आहेत. स्वतंत्र घर, स्वतंत्र न्हाणीघर, लॅच लावलेले दार. रुग्णाला हवा असलेला आडोसा मिळाला हे चांगलेच झाले. पण आईवडील म्हातारे, भावंडे नोकरीला, आणि बंद दारामागे कोसळलेल्या माणसाची चाहूल शेजारच्या घराला लागण्याचा संभव नाही, हीही त्याच नव्या घराची बाजू आहे. जी सोबत पूर्वी आपोआप मिळे, ती आता योजून निर्माण करावी लागेल.

हे भय काल्पनिक नाही. अपस्मार असलेल्या दर हजार प्रौढांपैकी सुमारे एकाला दरवर्षी कोणत्याही अपघाताशिवाय, पुष्कळदा झोपेत, अकस्मात मृत्यू येतो, आणि ज्यांच्या सर्वांगाला झटके देणाऱ्या फिटा वारंवार येतात त्यांना हा धोका पुष्कळ अधिक असतो. रात्री खोलीत दुसरे कोणी असणे हा त्यावरचा एक साधा उपाय आहे. ही गोष्ट रुग्णाला घाबरवू नये म्हणून सांगितली जात नाही. पण प्रौढ माणसाला आपल्या आयुष्यातील धोका कळण्याचा अधिकार आहे, आणि तो कळला तरच तो टाळण्यासाठी काही करता येते.

उपाय पुष्कळसे बिनखर्चाचे आहेत. न्हाणीघराला आतून कडी न लावता 'आत कोणी आहे' अशी पाटी बाहेर अडकवावी. स्टुलावर बसून, तांब्याने अंगावर पाणी घ्यावे. ओट्यावर स्वयंपाक करताना मागची शेगडी वापरावी, भांड्यांचे दांडे आत वळवावेत. फलाटावर कडेला उभे राहू नये आणि लोकलच्या दारात तर मुळीच नाही. समुद्रात किंवा तलावात एकट्याने उतरू नये. फीट आलेल्याला काय करावे, हेही प्रत्येकाने शिकून ठेवण्याजोगे आहे. आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, झटके ओसरताच त्याला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फीट थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. हातात किल्ल्यांचा जुडगा देण्याने काही होत नाही. फीट आपोआप थांबते आणि श्रेय किल्ल्यांना जाते.

ज्या गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, त्या गिरगावात लोकशिक्षणासाठी व्यासपीठाची वाण कधीच नव्हती. मंडळांनी आपल्या कार्यकर्त्यांना, गृहनिर्माण संस्थांनी आपल्या पहारेकऱ्यांना आणि शाळांनी आपल्या शिक्षकांना एवढे दहा मिनिटांचे शिक्षण द्यायचे ठरवले, तर त्यासाठी कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कायदा बदलला, पण अर्धाच

विवाहाच्या बाबतीत कायद्याने आपली चूक सुधारली आहे. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात, वारंवार वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येणारी व्यक्ती विवाहास अपात्र, अशी तरतूद घालण्यात आली होती. अपस्माराला वेडाच्या शेजारी बसवणारे ते शब्द तेवीस वर्षे कायद्यात राहिले. डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्या संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९९९ च्या दुरुस्तीने 'अपस्मार' हा शब्द वगळण्यात आला. पुढे २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही, अपस्मार हा असाध्य रोग किंवा मनोविकार नसून तो घटस्फोटाचे कारण होऊ शकत नाही, असा निर्वाळा दिला. कायदा पुढे गेला. लग्न जुळवणारे घर मात्र अजून १९७६ मध्येच आहे. मुलीची फीट लपवून लग्न लावायचे, मग तिने सासरी गोळ्या लपून घ्यायच्या किंवा सोडूनच द्यायच्या, आणि त्यामुळे आलेल्या फिटेने ते लग्न मोडायचे, हा क्रम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुण्याच्या 'संवेदना' या मदतगटाचे महत्त्व कळेल. स्वतः या व्याधीतून गेलेल्या यशोदा वाकणकर यांनी तो सुरू केला, आणि काही न लपवता विवाह जुळवण्याचे कामही हाती घेतले. मुंबईत केईएमच्या डॉ. प्रवीणा शाह यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'सन्मान' हाही अशाच धडपडीचा भाग. आपल्यासारखे आणखी कोणी आहे, हे समजणे हाच पुष्कळांना पहिला दिलासा असतो.

नोकरीच्या बाबतीत मात्र कायदा अर्धवट राहिला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली. त्यात दीर्घकालीन मेंदूविकार या सदराखाली मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांची नावे आहेत, अपस्माराचे नाही. ज्याला महिन्यातून चार वेळा फीट येते आणि म्हणून जो वाहन चालवू शकत नाही, रात्रपाळी करू शकत नाही, तो या कायद्याच्या लेखी धडधाकट आहे; आणि नोकरी मागायला गेला की मालकाच्या लेखी तोच माणूस रोगी आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली, ज्या व्याधी आरोग्यविम्यातून कायमच्या वगळण्याची मुभा कंपन्यांना दिली, त्या यादीत मात्र अपस्मार न विसरता घातला गेला. सवलतीच्या यादीत नाव नाही आणि वगळण्याच्या यादीत आहे, याला न्याय कसे म्हणावे?

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की ज्यांचा अपस्मार औषधाने आटोक्यात आहे, त्यांना अपंगत्वाचा शिक्का नको आहे. या मागणीने त्यांचेच नुकसान होईल. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ही मान्यता सरसकट सर्व रुग्णांना नको; तज्ज्ञ केंद्राने औषधाला न जुमानणारा म्हणून प्रमाणित केलेल्या अपस्मारालाच, रुग्णाने स्वतः मागितली तर, आणि ठरावीक मुदतीसाठी असावी. फीट थांबली की प्रमाणपत्र संपावे. दुसरा आक्षेप असा की चाळीस टक्के अपंगत्व ही मोजपट्टी हातापायाच्या व्यंगाला लागू पडते; जो माणूस महिन्यातले सत्तावीस दिवस ठणठणीत आहे, त्याची टक्केवारी कशी काढणार? मोजणे कठीण आहे हे खरे; पण मोजता येत नाही म्हणून दुःख नाही, असे कोणी म्हणू शकत नाही. फिटांची वारंवारता, त्यांत शुद्ध हरपते की नाही, पूर्ववत होण्यास लागणारा वेळ आणि औषधांचे दुष्परिणाम यांवरून असे मोजमाप ठरवणे तज्ज्ञ समितीला अशक्य नाही. यासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याचीही गरज नाही. केंद्र सरकार अधिसूचनेने नवे प्रकार समाविष्ट करू शकते, अशी तरतूद त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे.

मालकांची भीतीही खोटी नाही. भट्टीसमोर, उंच परातीवर किंवा फिरत्या यंत्राजवळ अशा माणसाला उभे करू नये, हे उघड आहे. पण मुंबईतील बहुतेक नोकऱ्या टेबलाशी बसून करायच्या आहेत. सकाळची गर्दी टाळता येईल अशी अर्ध्या-पाऊण तासाची सवलत, रात्रपाळीतून सूट, फीट आल्यावर पडून राहण्यास एक जागा आणि शेजारच्या दोन सहकाऱ्यांना प्राथमिक उपचारांची माहिती, एवढ्याने तो माणूस वर्षानुवर्षे काम करू शकतो. आज नेमके उलटे घडते. नोकरी जाईल या भीतीने रुग्ण आजार लपवतो, कचेरीत गोळी घेण्याचे टाळतो, त्यामुळे फीट येते, आणि मग 'आम्हाला सांगितले नाही' या सबबीवर त्याला घरी पाठवले जाते. आजार सांगितल्याने नोकरी जात नाही, अशी खात्री मालकाने आधी दिली पाहिजे. प्रामाणिकपणाची अपेक्षा त्यानंतर करता येईल.

आमच्यानंतर काय?

जागतिक आरोग्य सभेने २०२२ मध्ये अपस्मार आणि इतर मेंदूविकारांसाठी २०३१ पर्यंतचा कृतिआराखडा स्वीकारला. या मुदतीत निदान ८० टक्के राष्ट्रांनी अपस्मारग्रस्तांच्या हक्कांचे रक्षण करणारे कायदे करावेत किंवा सुधारावेत, हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. मुदतीतील पुष्कळसा काळ संपत आला आहे. महाराष्ट्राने केंद्राच्या निर्णयाची वाट न पाहता करण्यासारखेही पुष्कळ आहे. दोन औषधे निष्फळ ठरलेला प्रत्येक रुग्ण ठरावीक मुदतीत तज्ज्ञ केंद्राकडे पाठवला जाईल, असा नियम सरकारी आणि पालिका रुग्णालयांपुरता करता येईल. अशा केंद्रात मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांची जागा केवळ कागदावर न ठेवता भरता येईल. नेहमीची औषधे पालिकेच्या दवाखान्यांत खंड न पडता मिळतील, अशी व्यवस्था करता येईल. कारण मधल्या पंधरा दिवसांत औषध नाही, हे वाक्य मधुमेह्यापेक्षाही अपस्माराच्या रुग्णाला महाग पडते.

आणि एक प्रश्न असा आहे की जो रुग्णाचे वृद्ध आईवडील मनातल्या मनात विचारतात: आमच्यानंतर याचे काय? आपण जिवंत आहोत तोवर आपल्या चाळिशीतल्या मुलाला ते रस्ता ओलांडू देत नाहीत, बँकेचा व्यवहार करू देत नाहीत, एकटे जेवायला बसू देत नाहीत. यामागे माया आहे, पण ही माया त्या माणसाला नकळत लहानच ठेवते. फिटेचे दिवस सोडून उरलेल्या दिवसांत तो पूर्ण प्रौढ आहे, त्याला कमवायचे आहे, चुका करायच्या आहेत, कोणावर तरी प्रेम करायचे आहे, हे घरानेच आधी मान्य केले पाहिजे. त्याच्या पुढच्या आयुष्याची तरतूद आईवडील हयात असतानाच, आणि त्याला बरोबर घेऊन, व्हायला हवी.

ज्याची फीट थांबत नाही, त्याला 'तुझी फीट थांबेल' असे खोटे आश्वासन देणे ही दया नव्हे. ती थांबली नाही तरी तुला काम मिळेल, तुझी तपासणी अर्धवट राहणार नाही, तुझ्या मनाचाही विचार होईल आणि तू रस्त्यात पडलास तर तुला कुशीवर वळवून तू शुद्धीवर येईपर्यंत कोणी तरी शेजारी थांबेल, एवढे आश्वासन आपण त्याला देऊ शकतो. ते पाळणे सरकार, रुग्णालये, मालक आणि शेजारी या चौघांच्याही आवाक्यात आहे. सुरुवात कोणी करायची यावर मात्र चौघांनी एकमेकांकडे पाहत राहू नये.